तिथे थर्मामीटर कोणी नेला?

प्रश्न : मी तासगावजवळच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात दूरच्या दीर्घिकांविषयी बोलताना मी सहज म्हणाले, की तिथल्या वायूचं तापमान आणि दाटपणासुद्धा शास्त्रज्ञ मोजतात. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, तिथे थर्मामीटर कोणी नेला?” वर्ग हसला, पण मला उत्तर देता आलं नाही. रेणूंवरून कळतं एवढंच वाचलंय. हे खरं मोजमाप असतं की अंदाज? आणि शाळेत काही करून दाखवता येईल का?

उत्तर :

बाई, त्या मुलीला मागच्या बाकावरून पुढे आणा. मी तीस वर्षं मिलिमीटर लहरींचे वर्णपट वाचण्यात घालवली. तिचाच प्रश्न आमच्या चर्चासत्रांत दर वेळी निघतो, फक्त जरा आडवळणाने. उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा.

थर्मामीटर कोणीच नेला नाही, तो तिथे आधीपासून होता. कसा, ते सांगायला आधी सांगलीजवळच्या हरिपूरला जावं लागेल. माझं आजोळ तिथलं. तिकडच्या हळदीच्या पेवांबद्दल तुम्हाला काय सांगायचं! वर अरुंद तोंड, खाली जमिनीत भलंमोठं पोट, तोंड बंद केलं की आत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहते. राहते याचं कारणच हे, की आतली हवा कोंडते आणि प्राणवायू संपत जातो. म्हणून पेव फोडलं की लगेच कोणी उतरायचं नाही. आजोबा कंदील पेटवून दोरीने खाली सोडत. ज्योत तशीच राहिली तर हमाल उतरणार. बारीक होऊन फडफडली तर थांबायचं. पटकन विझली तर संध्याकाळपर्यंत तोंड उघडं ठेवायचं. आतल्या हवेत न उतरता तिची परीक्षा व्हायची, ती ज्योतीवरून.

दूरच्या दीर्घिकेतला रेणू हा असाच कंदील, फक्त आपण सोडलेला नव्हे, निसर्गानेच टांगलेला. आमचं काम ज्योत वाचण्याचं. पण एकटा कंदील ‘उतरा’ किंवा ‘थांबा’ एवढंच सांगतो. आकडा हवा असेल तर निदान दोन ज्योती शेजारी धरून ताडून बघाव्या लागतात.

ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे वायू असतो, बहुतेक सगळा हायड्रोजन, आणि जिथे तारे जन्मतात त्या गार, काळोख्या ढगांत हायड्रोजनचे अणू जोडीजोडीने रेणू होऊन राहतात. गंमत अशी की ज्याचा ढग, तोच गप्प. हायड्रोजनच्या रेणूची दोन्ही टोकं सारखी, त्यामुळे तो फिरताना रेडिओलहरी सोडत नाही. त्याच्या फिरण्याची सगळ्यात सोपी रेषा (म्हणजे ठरलेल्या एकाच लांबीची लहर) २८ मायक्रोमीटरवर, तीही अशक्त, आणि ती उमटवायला रेणूला फिरण्याच्या ऊर्जेच्या ज्या पायरीवर चढावं लागतं ती ५१० केल्विनवर (पायरीची उंची आम्ही तापमानातच सांगतो). ढगाचं तापमान दहा-वीस केल्विन, म्हणजे उणे अडीचशे अंश सेल्सिअसच्याही खाली. एवढ्या गारठ्यात इतक्या वर कोण चढणार!

म्हणून साक्ष काढायची ती कार्बन मोनॉक्साइडची. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांचा जीव घेतो तोच हा वायू. हायड्रोजनच्या दहा हजार रेणूंमागे एखादा, पण बोलका. एका टोकाला कार्बन, दुसऱ्याला ऑक्सिजन, त्यामुळे किंचित ध्रुवीय. त्याचं फिरणं ठरावीक पायऱ्यांनीच होतं आणि पहिली पायरी अवघ्या साडेपाच केल्विनवर आहे. तिच्यावरून उतरताना तो २.६ मिलिमीटरची लहर सोडतो, वारंवारिता ११५.२७ गिगाहर्ट्झ. १९७० साली ॲरिझोनातल्या किट पीकवरच्या दुर्बिणीने रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेन्झियस यांनी ती मृगातल्या तेजोमेघात पकडली. यांतल्या पेन्झियस-विल्सन जोडीनेच काही वर्षं आधी महास्फोटाचं उरलेलं प्रारण शोधलं होतं. ते प्रारण लक्षात असू द्या, पुढे आपल्या हिशेबात ते मध्येच पाय घालणार आहे.

आधी दाटपणा घेऊ, कारण तापमानाचा घोटाळा त्याच्याशिवाय सुटत नाही.

रेणूला पायरीवर चढवतो कोण? शेजारी. हायड्रोजनचा रेणू येऊन धडकतो आणि कार्बन मोनॉक्साइडला गरगरवतो. वर गेलेला रेणू एकतर दुसऱ्या धडकेने खाली येतो, नाहीतर आपणहून लहर सोडून उतरतो. पहिल्या पायरीवरचा कार्बन मोनॉक्साइड असा आपणहून उतरायला सरासरी पाच महिने लावतो. हायड्रोजन सायनाइड नावाचा दुसरा रेणू आहे, ८८.६ गिगाहर्ट्झवर बोलणारा. तो साडेअकरा तासांत खाली येतो, कारण त्याची ध्रुवीयता कार्बन मोनॉक्साइडच्या सत्तावीसपट.

विहिरीवरच्या दोन गळक्या बादल्या डोळ्यांपुढे आणा. एकीला सुईएवढं भोक, दुसरीचं बूडच गेलेलं. पहिली बारीक धारेखालीही भरलेली राहते. दुसरी भरलेली दिसायला हवी असेल तर वरून मोटेची धार सोडावी लागेल. इथे पाणी म्हणजे धडका. कार्बन मोनॉक्साइडची पहिली पायरी भरलेली राहायला घनसेंटिमीटरमागे हायड्रोजनचे दोनेक हजार रेणू पुरतात. हायड्रोजन सायनाइडला काही लाख लागतात. त्यामुळे एखाद्या दीर्घिकेत सायनाइडची रेषा ठळक दिसली की समजायचं, इथे दाट वायू आहे. २००४ साली यू गाओ आणि फिलिप सॉलोमन यांनी ६५ दीर्घिका घेऊन दाखवलं, की ताऱ्यांचा जन्म या सायनाइडच्या तेजाबरोबर सरळ रेषेत वाढतो. कार्बन मोनॉक्साइडबरोबर तसं सरळ जमत नाही. म्हणजे घरात धान्य किती यापेक्षा चुलीवर किती चढलंय, हे सायनाइड सांगतो.

आमच्या तोंडी ‘दाट’ हा शब्द ऐकून हसू नका. तुम्ही घेता त्या श्वासातल्या एका घनसेंटिमीटर हवेत २५ वर अठरा शून्यं इतके रेणू असतात. आमचा दाट ढग पाच-सहा आकड्यांत संपतो.

एका रेणूच्याच अनेक पायऱ्या बघितल्या तरी बरंच कळतं. कार्बन मोनॉक्साइडची दुसरी पायरी साडेसोळा केल्विनवर, तिसरी ३३ वर, सहावी ११६ वर. शांत दीर्घिकांत तिसऱ्या-चौथ्या पायरीनंतर ज्योत मंदावत जाते. एपीएम ०८२७९+५२५५ या ताम्रसृती ३.९ च्या क्वेसारमध्ये (क्वेसार म्हणजे मधल्या कृष्णविवरामुळे झगझगणारी दूरची दीर्घिका; ताम्रसृती म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने लहरी किती ताणल्या त्याचं माप, जितकी जास्त तितका प्रकाश जुना) ती दहाव्या पायरीपर्यंत चढतच जाते, कारण मधल्या कृष्णविवराभोवतीचा वायू भलताच तापलेला आणि दाटलेला आहे. पण इथे एक खोच आहे. गरम आणि विरळ वायू, किंवा गार आणि दाट वायू, दोघांच्या पायऱ्या पुष्कळदा हुबेहूब सारख्या भरतात. फक्त कार्बन मोनॉक्साइडवर बेतलेलं तापमान कोणी दोन दशांश स्थळांपर्यंत छापलं असेल तर मी तो निबंध बाजूला ठेवतो. अशा वेळी अमोनिया कामी येतो. त्याच्या २३.६९ आणि २३.७२ गिगाहर्ट्झच्या शेजारशेजारच्या रेषांचं गुणोत्तर मुख्यतः तापमानावर हलतं, दाटपणाकडे फारसं बघत नाही.

गप्प हायड्रोजनलाही बोलतं करता येतं, वेगळ्या वाटेने. मागे झगझगीत क्वेसार आणि मध्ये ढग असला तर क्वेसारच्या अतिनील प्रकाशातून हायड्रोजनचे रेणू आपापला वाटा कापून घेतात आणि वर्णपटात काळ्या खाचा पडतात. आपल्या आकाशगंगेत हे बघायचं तर वातावरणाच्या वर जावं लागतं. १९७० सालीच जॉर्ज कारुथर्स यांनी रॉकेटवर उपकरण चढवून ते साधलं. दूरच्या ढगांचं काम उलट सोपं. विश्वाच्या प्रसरणाने लहरी इतक्या ताणल्या जातात की त्या अतिनील खाचा जमिनीवरच्या दुर्बिणीच्या टप्प्यात येऊन पडतात. शिवाय खाचेची खोली ढगाच्या अंतरावर अवलंबून नसते. मागचा दिवा तेजस्वी असला की झालं.

या खाचांवरून तळाच्या पायरीवर किती रेणू आहेत आणि पहिल्या पायरीवर किती, हे वेगवेगळं मोजता येतं. आता कागद-पेन्सिल घ्या, हे नववीला नाही तरी अकरावीला नक्की जमेल. पायऱ्यांना मजले समजा आणि रेणूला बसायच्या जागांना खुर्च्या. तळमजल्यावर एक खुर्ची, पहिल्या मजल्यावर नऊ (तीन फिरण्याच्या, गुणिले तीन केंद्रकांच्या फिरकीच्या). दोन मजल्यांमधलं अंतर १७०.५ केल्विन. वरच्या रेणूंना खालच्या रेणूंनी भागा. येईल त्या उत्तराने नऊला भागा. त्याचा नैसर्गिक लॉग काढा आणि १७०.५ ला त्या लॉगने भागा. आलं तापमान. समजा वर-खाली सारखेच रेणू निघाले. नऊचा लॉग २.२, म्हणून तापमान ७८ केल्विन. वर तिप्पट निघाले तर तिनाचा लॉग १.१, म्हणून १५५ केल्विन.

हे आकडे मी हवेतून उचललेले नाहीत. कोपर्निकस उपग्रहाने सत्तरच्या दशकात आकाशगंगेतल्या अशा ढगांची सरासरी काढली ती ७७ केल्विन. दूरच्या, दहा-अकरा अब्ज वर्षांपूर्वीच्या ढगांची सरासरी त्याच्या दुपटीच्या आसपास, दीडशे केल्विन भरते. तिथे धूळ कमी, ताऱ्यांचा अतिनील मारा जास्त, म्हणून ऊब जास्त. ७७ केल्विन म्हणजे किती, हे मुलांना दाखवायला लांब जायला नको. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ठेवायचा द्रवरूप नायट्रोजनचा कॅन असतो. झाकण काढल्यावर पांढरा धूर सांडतो तोच. त्याच्या आतलं तापमान जवळजवळ तेवढंच.

आता ज्या गोष्टीसाठी मला हा विषय सोडवत नाही ती सांगतो. २००८ साली पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले आर. श्रीआनंद आणि त्यांचे युरोपातले सहकारी यांनी चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने एका क्वेसारसमोरच्या ढगाचा वर्णपट घेतला. ताम्रसृती २.४१८, प्रकाश निघाल्याला जवळपास अकरा अब्ज वर्षं झालेली. त्यात त्यांना कार्बन मोनॉक्साइडच्या शोषणरेषा सापडल्या. इतक्या लांबच्या अशा ढगात पहिल्यांदाच. मूळच्या अतिनील रेषा, पण ताणल्या जाऊन त्यांतली एक आपल्याकडे हिरव्या रंगात पोचली. त्याच ढगात हायड्रोजनही होता. हायड्रोजनच्या खुर्च्या मोजल्या तर तापमान आलं सुमारे १०५ केल्विन, कमी-जास्त तीस-चाळीस. कार्बन मोनॉक्साइडच्या मोजल्या तर ९.१५.

एकच ढग, एकच दृष्टिरेषा, दोन थर्मामीटर, आणि फरक अकरा पटींचा! कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. ढग विरळ आहे. धडका इतक्या थोड्या की कार्बन मोनॉक्साइडची गळकी बादली वायूच्या पातळीपर्यंत भरतच नाही. पण ती रिकामीही होत नाही, कारण सगळ्या विश्वात महास्फोटाचं उरलेलं प्रारण भरलेलं आहे आणि ते भोकातून आत शिरतं. जे भोक गळतं त्याच भोकातून भरतंही. हायड्रोजनला असं भोकच नाही, तो फक्त धडकांचं ऐकतो. म्हणून हायड्रोजनने वायूचं तापमान सांगितलं आणि कार्बन मोनॉक्साइडने विश्वाचं. ते प्रारण आज २.७२५ केल्विनवर आहे. प्रकाश निघाला तेव्हा विश्व आजच्या ३.४१८ पट लहान होतं, म्हणजे प्रारण तितक्याच पटींनी गरम, ९.३ केल्विन असायला हवं. मोजलेला आकडा ९.१५, कमी-जास्त ०.७२. मी ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

हीच गोष्ट हातात येऊन निसटल्याचाही इतिहास आहे. १९४१ साली अँड्र्यू मॅकेलर यांनी आपल्याच आकाशगंगेतल्या सायनोजेन या कार्बन-नायट्रोजनच्या रेणूच्या रेषांवरून २.३ केल्विन काढले होते. त्याला काही विशेष अर्थ आहे असं तेव्हा कोणाला वाटलं नाही. अर्थ लागला तो पेन्झियस-विल्सननंतर.

पीकेएस १८३०−२११ या क्वेसारसमोरची सर्पिल दीर्घिका तर आमच्या धंद्यातलं पाठ्यपुस्तकच. ताम्रसृती ०.८८६, सात अब्ज वर्षांमागची. ती स्वतःच गुरुत्वीय भिंग होऊन मागच्या क्वेसारची दोन प्रतिबिंबं करते, त्यामुळे एकाच दीर्घिकेच्या दोन ठिकाणच्या वायूतून प्रकाश आरपार येतो. तिच्यात डझनावारी रेणू सापडलेत. एका वाटेवरचा वायू सुमारे ८० केल्विनचा, घनसेंटिमीटरमागे एक-दोन हजार रेणूंचा, म्हणजे पुन्हा तोच विरळ प्रकार. त्यातल्या ध्रुवीय रेणूंवरून २०१३ साली प्रारणाचं तापमान आलं ५.०८ केल्विन, कमी-जास्त ०.१०. तुम्ही गुणून बघा, २.७२५ गुणिले १.८८६. त्याच दीर्घिकेतल्या मिथेनॉलवरून हेही तपासलं गेलं, की प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर तेव्हा आजच्याइतकंच होतं का. बदललं असलंच तर एका कोटीत एका भागाहून जास्त नाही.

आणखी मागे जावं तर हे प्रारण मदतनीस न राहता अडसर होतं. ताम्रसृती ६ च्या पलीकडे त्याचंच तापमान १९-२० केल्विन. ढगही तेवढाच गार असला तर पार्श्वभूमीवर तो उठूनच दिसत नाही, पांढऱ्या भिंतीवर खडूने लिहिल्यासारखा. पण एक झकास अपवाद घडला. एचएफएलएस३ नावाची दीर्घिका, ताम्रसृती ६.३४. तिथे तारे इतक्या वेगाने जन्मताहेत की तापलेल्या धुळीचा अवरक्त प्रकाश पाण्याच्या रेणूंना विचित्र रीतीने वर-खाली करतो, आणि त्यांच्या पायऱ्यांची एक जोडी पार्श्वभूमीपेक्षाही ‘गार’ होऊन बसते. मग पाणी चमकायच्या ऐवजी महास्फोटाच्या प्रारणावर सावली टाकतं. २०२२ साली ही सावली मोजून तिथलं प्रारण १६.४ ते ३०.२ केल्विनच्या मध्ये असल्याचं दाखवलं गेलं, अपेक्षा होती २०. आकडा ढोबळ आहे, पण उजेडाच्या सावलीवरून काढलेला आहे! आपल्या शेजारच्या ढगांत असाच चमत्कार फॉर्माल्डिहाइड ६ सेंटिमीटरवर करतो, ते १९६९ पासून माहीत आहे.

इतकं सांगून झाल्यावर स्वतःची फजितीही सांगायला हवी. उमेदीच्या काळात मला एका धुळकट दीर्घिकेत ९७ गिगाहर्ट्झवर एक देखणी रेषा सापडली. कार्बन मोनॉक्साइडची आहे हे उघड होतं. पण कितव्या पायरीची? दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर उतरतानाची रेषा मुळात २३०.५ ची, ती धरली तर ताम्रसृती १.३८. तिसऱ्यावरून दुसरीवरची ३४५.८ ची, ती धरली तर २.५६. चौथीवरून तिसरीवरची ४६१.० ची, तर ३.७५. मी पहिली शक्यता धरली. का? धुळीच्या तेजावरून तसं ‘वाटत’ होतं. त्यावर दाटपणा काढला, तापमान काढलं, वायूचं वजन काढलं, सगळं सुसंगत आलं. चूक सुसंगत असते तेव्हा तिचा वास येत नाही. मग दुसरी रेषा १४५.५ वर बघायला गेलो, तिथे शुकशुकाट. तपासणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे सुचवलं, १२९.३ वर बघा. होती तिथे. म्हणजे ताम्रसृती २.५६, आणि माझा सहा महिन्यांचा हिशेब कचऱ्यात. प्रसरण सगळ्या रेषा एकाच पटीने ताणतं, रेषांमधलं प्रमाण बिघडवत नाही. म्हणून दोन रेषा सापडल्या की ओळख पक्की होते, एकीवर कधीच होत नाही.

तर मोजमाप की अंदाज? एकच उत्तर नाही. रेषेची जागा आम्ही सहा-सात अंकांपर्यंत मोजतो, तिथे वाद नाही. रेषेचं तेज दहा टक्क्यांच्या आतबाहेर. तापमान आणि दाटपणा हे रेषांच्या गुणोत्तरांवरून, धडकांचं गणित लावून काढलेले. ढग एकजिनसी धरला तर नेटके येतात, पण कुठलाच ढग एकजिनसी नसतो, तेव्हा ती सरासरी समजायची. आणि वायूचं एकूण वजन? तिथे हात आखडूनच बोलावं. कार्बन मोनॉक्साइडच्या तेजावरून हायड्रोजनचं वजन काढायला एक गुणक लागतो. आपल्या आकाशगंगेत तो ४.३ धरतात आणि आदळआपट चाललेल्या दीर्घिकांत ०.८. पाचपटीचा फरक! ओल्या हळदीवरून वाळकी किती पडेल ते शेत न बघता सांगण्यातलाच हा प्रकार. अनुभवी माणूस सांगतो, पण शब्द देत नाही.

वर्तमानपत्रं शब्द देतात. २०११ साली वर उल्लेख केलेल्या एपीएम ०८२७९ मध्ये पाण्याची वाफ सापडली, तेव्हा ‘पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या १४० लाख कोटी पट पाणी’ असे मथळे आले. आकडा खरा होता. पण ती वाफ शेकडो प्रकाशवर्षं पसरलेली, आपल्या हवेपेक्षा ३०० लाख कोटी पट विरळ, उणे ५३ अंशांवरची. आमच्या दृष्टीने मोल होतं ते पाण्याला नव्हे, त्यावरून तिथल्या क्ष-किरणांची आणि अवरक्त प्रकाशाची तीव्रता कळली त्याला.

रेणूंचे इतर उपयोग भरभर सांगतो. सिलिकॉन मोनॉक्साइड दिसला की समजावं, आघातलहरींनी धुळीचे कण फुटलेत. काही विद्युत्भारित रेणूंवरून वैश्विक किरणांचा मारा कळतो. सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आत असलेल्या एनजीसी २५३ च्या मध्यात शंभरावर रेणू मोजले गेलेत आणि तिथला हा मारा आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त निघाला. बहुतेक कामं चिलीतल्या पाच हजार मीटर उंचीच्या पठारावरच्या अल्मा दुर्बिणीने होतात, ६६ तबकड्यांची. तिथे का, तर मिलिमीटर लहरी हवेतल्या बाष्पात विरतात. जुलैच्या सांगलीतून हे आकाश बंदच समजा. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या लांब लहरींच्या. त्यांना कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, पण हायड्रॉक्सिल या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या रेणूच्या १८ सेंटिमीटरच्या रेषा ताम्रसृतीमुळे लांबून त्यांच्या पट्ट्यात येतात. पीकेएस १४१३+१३५ या ताम्रसृती ०.२४७ च्या दीर्घिकेत हायड्रॉक्सिलची एक उपरेषा प्रकाश सोडते आणि दुसरी शोषते, दोन्ही एकमेकींचं आरशातलं रूप, बेरीज शून्य. दुसऱ्या ज्योतीचं महत्त्व याहून देखणं कुठे बघायला मिळत नाही.

आता वर्ग. जुन्या सीडीचा तुकडा, बुटाचा खोका आणि खोक्याला ब्लेडने पाडलेली अरुंद फट एवढ्यात वर्णपटदर्शक होतो, तो तुम्ही केलाही असेल. त्यातून जुना सीएफएल दिवा दाखवा. पाऱ्याच्या हिरव्या आणि निळ्या रेषा वेगळ्या दिसतात. पण त्या अणूंच्या. रेणू दाखवायचा असेल तर मुलांना शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात न्या. गॅसच्या ज्योतीचा निळा रंग मुख्यतः दोन रेणूंचा असतो. एक कार्बन-कार्बन, हिरवट-निळे पट्टे देणारा. दुसरा कार्बन-हायड्रोजन, ४३१ नॅनोमीटरवर, जांभळ्याकडे. ताऱ्यांच्या मधल्या जागेत अगदी पहिला ओळखला गेलेला रेणू हाच, १९३७ साली, याच जांभळ्या टोकाच्या एका बारीक रेषेवरून. त्या मुलीला आधी ज्योतीच्या बुडाकडे बघायला लावा, तिथे हे पट्टे सगळ्यात ठळक असतात. संध्याकाळी दारं-खिडक्या लावून, दिवे मालवून बघा आणि मोठ्या माणसाने शेगडीपाशी उभं राहा. ज्योत पिवळी जळत असेल तर आधी बर्नर साफ करून घ्या. पिवळी ज्योत म्हणजे काजळी, कंदिलासारखी. तिच्या सलग पट्ट्यात रेणू बुडून जातात.